मारुतीचा पट

गाडीची मागची सीट काढून मी ओसरीत भिंतीला टेकवून ठेवली, तेव्हा आई देवळातून परत येत होती. ती फाटकातच थबकली. ओसरीत उभी केलेली सीट, अंगणात पसरलेली पायपुसणी, स्टेपनी, जॅक, डिक्कीतलं गोणपाट आणि या सगळ्याच्या मधोमध उघड्या अंगाने बसलेला मी. एवढं सामान आमच्या घरातून एकाच प्रसंगी बाहेर निघतं. आईने प्रसादाची पिशवी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "कोन गेलं रे?"

"कोणी नाही. गाडी हलकी करतोय."

"इकतं का?"

"नाही. पळवतोय."

ती पुढे काही बोलली नाही. पाय धुऊन आत गेली. मग स्वयंपाकघरातून आवाज आला, "सूनबाई, याले दुपारच्याले ताक दे बरं. ऊन लागलं दिसते."

गाडी वडिलांची. १९९७ सालची मारुती एट हंड्रेड. मूळ रंग पांढरा, आताचा रंग पुसदच्या उन्हाळ्यांनी ठरवलेला. या गाडीतून माझ्या दोन बहिणी सासरी गेल्या, आजोबा यवतमाळच्या दवाखान्यात गेले आणि परत आले, पुन्हा गेले आणि आले नाहीत. दर फेब्रुवारीत तुरीची चार पोती येतात ती याच मागच्या सीटवरून. पुसदने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५, सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३, दोघेही आमच्या तालुक्यातल्या गहुलीचे. रेल्वे मात्र अजून यायची आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं काम चालू आहे, आणि ते चालू असताना माझे केस काळ्याचे पांढरे झाले. अशा गावात घरची गाडी म्हणजे अँब्युलन्स, वरातीचा रथ आणि मालट्रक अशा तीन खात्यांचा कारभार एकटीने बघणारी कर्ती बाई. तिला कोणी शर्यतीत पळवत नाही. शर्यतीला बैल असतात.

हे खूळ आलं मिशिगनहून. माझा भाचा तिकडे नोकरीला आहे. एका रविवारी रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला, तर मागे लाल रंगाची एवढीशी गाडी. तो तिच्यातून बाहेर आला तो विहिरीतून वर आल्यासारखा, आधी हात, मग डोकं, मग उरलेला भाचा.

"मामा, ही माझदा मियाता. जुनीच घेतली. दोनच सीट."

"दोन सीटची गाडी काय कामाची? पोती कुठं ठेवतोस?"

मग त्याने सांगितलं. मियाता १९८९ साली बाजारात आली, आजवर दहा लाखांच्या वर खपली आणि हौशी शर्यतवाल्यांची ती कुलदेवता आहे. वजन टनाच्या आसपास, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. ही मंडळी रविवारी एखाद्या रिकाम्या पार्किंगच्या मैदानावर जमतात. नारिंगी प्लास्टिकचे कोन मांडून नागमोडी वाट आखतात आणि एकेकाने त्यातून गाडी काढायची. एका वेळी एकच गाडी. धक्का लागायला दुसरी गाडीच नाही, स्पर्धा घड्याळाशी. कोन पाडला की वेळेत दोन सेकंद वाढवायचे. याला म्हणतात ऑटोक्रॉस.

"म्हणजे दिवसभरात गाडी चालवली किती?"

"पाच फेऱ्या. एकेक मिनिटाच्या."

"पाच मिनिटं? आणि निघालास किती वाजता?"

"पहाटे साडेपाचला."

"बाकीचा वेळ काय केलंस?"

"दुसऱ्यांनी पाडलेले कोन उचलले. उन्हात उभं राहून. सगळ्यांनाच पाळीपाळीने करावं लागतं."

रोजगार हमी योजना महाराष्ट्राने देशाला दिली हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण मजुराने स्वतः प्रवेश फी भरून उन्हात राबायचं, ही सुधारणा अमेरिकेला सुचली.

मला हसू आलं खरं, पण रात्री झोप येईना. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. गेली बावीस वर्षं मी अकरावीच्या मुलांना फळ्यावर वर्तुळ काढून सांगतोय की वळणावर गाडीला आत ओढणारं अभिकेंद्री बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे वेग दुप्पट तर बल चौपट लागतं, आणि ते बल येतं फक्त टायर आणि जमीन यांच्यातल्या घर्षणातून. या बावीस वर्षांत मी स्वतः एकाही वळणावर चाळीसच्या वर गेलेलो नाही. पुसदहून वाशीमला जाताना आमचा खंडाळा घाट लागतो. पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं, खंडाळा त्यांचाच. त्या घाटात दुधाचे कॅन लावलेले दुचाकीवाले मला मागे टाकतात आणि वर वळून बघतात.

दुसरं असं, की भाचा म्हणाला होता, "मामा, सगळा खेळ दुसऱ्या गिअरचा आहे." हे वाक्य माझ्या काळजाला भिडलं. दुसऱ्या गिअरमध्ये तर आमचं आयुष्य गेलं! आठवडी बाजारातून, लग्नाच्या वरातीमागून, मेंढरांच्या कळपामागून गाडी काढणाऱ्या माणसाला दुसरा गिअर शिकवायला अमेरिका कशाला पाहिजे?

चौकशी केली तर कळलं, आपल्याकडेही हे चालतं. फरक एवढाच की आपला ऑटोक्रॉस बहुधा डांबरावर नसतो, मातीवर असतो. इंजिनाच्या सीसीप्रमाणे गट पडतात, जिप्सीवाल्यांचा निराळा. नाशिक-पुण्याकडे हे वेड जुनं आहे. पुण्याचे संजय टकले तर डकार रॅलीपर्यंत गाडी घेऊन पोचले. खरी स्पोर्ट्स कार म्हणावी अशी छोटी गाडी आपल्याकडे फारशी कोणी केलीच नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची एक दोन माणसांची गाडी आली होती, फायबरचं अंग आणि रेनोचं इंजिन. मी तिचा फोटोच पाहिला. त्यामुळे गरिबाने काय करायचं, तर मारुती घ्यायची आणि तिच्यातून मारुतीपण काढून टाकायचं.

तसं पाहिलं तर एट हंड्रेडची पत्रिका वाईट नाही. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिली, आणि जानेवारी २०१४ मध्ये शेवटची गाडी कारखान्याबाहेर पडली. मधली तीस वर्षं देशाने तिच्यावरच गाडी शिकली. इंजिन ७९६ सीसी, सिलेंडर तीन, अश्वशक्ती चाळीसच्या आत. आमच्या गाडीतले काही अश्व आता पेन्शनवर असावेत. पण वजन साडेसहाशे किलोच्या आसपास! मियातापेक्षा तीनएकशे किलो कमी. कागदावर मला तिच्यात वाघीण दिसायला लागली. कागदावर मला पुष्कळ गोष्टी दिसतात, पेशाच तो आहे.

आमच्या शेजारी एक काका राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, धोतर, टोपी, आणि सकाळी सातपासून आमच्या ओट्यावर मुक्काम. तरुणपणी ते पटाच्या जोडीचे धुरकरी होते. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट हे त्यांचं काशी-रामेश्वर. सुटी केलेली गाडी बघून ते काठी टेकत आले.

"काय करून राहिला बाप्पा?"

मी सांगितलं. कोन, वाट, वळणं, घड्याळ.

"एकटीच गाडी पळते?"

"एकटीच."

"बाजूले दुसरी नाही?"

"नाही. फक्त घड्याळ."

काकांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "मंग हा तं पटच झाला न! नवं काय हाय त्याच्यात?"

खरंच नवं काही नव्हतं. सांगली-साताऱ्याकडे बैलगाड्या एका रांगेत सुटतात आणि जी पुढे ती जिंकली. वऱ्हाडातल्या पटात जोडी पळते ती घड्याळाच्या विरुद्ध, निकाल सेकंदाच्या अंशांत. मिशिगनचा भाचा ज्याला ऑटोक्रॉस म्हणत होता त्यात काकांची हयात गेली होती. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. या तारखा मला परीक्षेसारख्या पाठ कराव्या लागल्या. काकांना त्या अशा पाठ नाहीत. ते म्हणतात, "जोडी खुट्याले बांधली थो उन्हाळा, अन् दोन्ही बैल म्हातारे झाले थो पोळा." परवानगी आली तेव्हा काकांच्या गोठ्यात मोटारसायकल उभी होती.

त्या दिवसापासून काका माझे गुरू झाले. मी नेमले नव्हते.

पहिला तंटा वजनावरून. मी मागची सीट, स्टेपनी, जॅक, कॅरिअर, पायपुसणी असं सगळं काढून घरच्या तोलकाट्यावर घातलं. चाळीसएक किलो भरलं. मी खुशीत वहीत आकडा लिहिला. काकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मी चौऱ्याऐंशी किलो आहे. ते म्हणाले, "गाडीचं काहून उतरवतं लेका? तुयं उतरव न. पटात धुरकरी हलका पायजे, छकडी तं हलकी असतेच." बायकोने हे आतून ऐकलं आणि त्या दिवसापासून माझ्या ताटातली तिसरी पोळी बंद झाली. ही माझ्या गाडीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत क्लेशकारक सुधारणा.

मग मिस्त्री. आमच्या मिस्त्रीकडे कुठलंही यंत्र नाही. तो लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनाला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. डॉक्टरसारखाच. फरक एवढाच की डॉक्टर डोळे उघडे ठेवून चुकतो. तीन मिनिटं त्याने गाडीचं ऐकून घेतलं. मग तीनही प्लग काढून ओळीत मांडले आणि मला शिकवलं. प्लगचं टोक विटकरी-तपकिरी असेल तर पेट्रोल आणि हवा यांचं जमलंय. काळं कुळकुळीत असेल तर पेट्रोल जास्त, पांढरं पडलं असेल तर कमी आणि इंजिन तापतंय. आमचे दोन तपकिरी निघाले, एक काळा. "हा पोट्टा आळशी हाय," मिस्त्री म्हणाला. कार्बोरेटर उतरला, धुतला, जेटमधून फुंकर मारून झाली, स्क्रू एक आटा आत, मग पाव आटा बाहेर. टायमिंग किंचित पुढे नेलं. फार पुढे नेलं तर इंजिन चढावर खडखडतं, म्हणून पुन्हा केसभर मागे. या सगळ्यातून अश्वशक्ती किती वाढली हे मोजायला आमच्याकडे साधन नव्हतं. मिस्त्रीने मात्र गाडी सुरू करून स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली.

शॉकअपची गोष्ट काढली तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"सर, पुसदात जो येते थो म्हनते शॉकअप नरम करून द्या. तुमी पयले हा, कडक करा म्हननारे. बवासीर गिवासीर होईन न."

मी त्याला फळ्याविना समजावलं, की वळताना गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं, अंग कलतं, आतलं चाक हलकं पडतं, आणि पकड जाते. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग हळू वळवा न. घाई काय हाय?" या प्रश्नाला भौतिकशास्त्रात उत्तर नाही.

भाच्याने फोनवर सांगितलं होतं, पुढची चाकं नाकाशी किंचित बाहेर फाकलेली ठेव, गाडी वळणात चटकन शिरते. अलाइनमेंटवाल्याने ते करायला साफ नकार दिला. संगणकावर लाल खूण येत होती. "सर, हिरवं आल्याशिवाय मी गाडी सोडत नाई. दुकानाची इज्जत हाय." मी म्हणालो, मीच सांगतोय. तो म्हणाला, "उद्या तुमी खड्ड्यात गेल्यावर तुमी थोडीच सांगाले येनार." शेवटी घरच्या अंगणात, दोन सुतळ्या ताणून, काकांच्या देखरेखीखाली मिस्त्रीनेच ते केलं. सुतळीला लाल खूण येत नाही.

या साऱ्या प्रकरणात माझा स्वतःचा म्हणावा असा हातखंडा एकच, खडू. टायरच्या कडेवर, जिथे नक्षी संपून गुळगुळीत भिंत सुरू होते, तिथे खडूने आडव्या रेघा ओढायच्या. दोन-चार वळणं जोरात घ्यायची आणि उतरून बघायचं. खडू फार खालपर्यंत पुसला गेला असेल तर टायर मुडपतोय, हवा वाढवा. अजिबात पुसला नसेल तर टायर दगडासारखा उभा आहे, हवा कमी करा. ही युक्ती जगभरचे ऑटोक्रॉसवाले करतात, पण त्यांना खडू विकत घ्यावा लागतो. मला खडू चालवण्याची बावीस वर्षांची सवय. रेघा इतक्या सरळ आल्या की मेहुण्याने विचारलं, यावर प्रश्नोत्तरं पण लिहिणार का. काका मात्र खडूकडे बघतही नसत. अंगठ्याने टायर दाबायचे आणि म्हणायचे, "उजवीकडचा जरासा ढिला हाय." गेज लावला की उजवीकडे खरंच दोन पौंड कमी.

सरावाला मेहुण्याचं गावाबाहेरचं बरड रान मिळालं. काळ्या मातीत सराव शक्य नाही, पऱ्हाटी निघाली की तिला भेगा पडतात, त्यात एट हंड्रेडचं बारा इंची चाक मुक्कामालाच जातं. बरड म्हणजे मुरमाड, टणक, वर सुट्या खड्यांचा थर. कोन पुसदच्या बाजारात नव्हते. पहिल्या दिवशी युरियाच्या पोत्यांत माती भरून ठेवली. एका पोत्याने पुढचा बंपर नेला. दुसऱ्या दिवशी पोत्यांत सोयाबीनचं कुटार भरलं.

इथे मला पहिल्यांदा कळलं की मी मुलांना इतकी वर्षं जे सांगत होतो ते खरं होतं. आमच्या गाडीत इंजिन पुढे, जोरही पुढच्या चाकांनाच. म्हणजे ओढायचंही त्यांनीच आणि वळवायचंही त्यांनीच. पुढच्या टायरची अवस्था शाळामास्तरासारखी असते. शिकवायचंही त्यानेच, खानेसुमारीही त्यानेच करायची. दोन्ही कामं एकदम सांगितली की तो दोन्ही सोडतो आणि सरळ चालू लागतो. मी वळणात शिरून ब्रेक दाबायचो, स्टिअरिंग पूर्ण फिरवायचो आणि गाडी ऐटीत नाकासमोर कुटाराच्या पोत्यावर जायची. पुन्हा तेच. पुन्हा पोतं. बांधावर पाच-सहा पोरं शेंगा खात बसली होती. तासाभराने त्यातलं एक धीर करून जवळ आलं. "सर, तुमी रस्ता इसरले का?"

काका बाभळीखाली बसून होते. त्यांनी मला हाक मारली.

"कासरा काहून हिसकून राहिला?"

"वळत नाही काका."

"हिसकल्यानं जनावर वळत नाही, बिचकते. पयले थांबव, मंग सैल सोड, मंग वळव, मंग हाक. चारी कामं एका झटक्यात कायले करतं? अन् तुयी नजर कुठं होती?"

"पोत्यावर."

"म्हनून पोत्यावर गेला. धुरकरी बैलाच्या शेपटीकडं पाहते का? पटाच्या शेवटाकडं पाहते."

रात्री भाच्याचा मेसेज आला. त्याच्या क्लबातल्या शिक्षकाने नवशिक्यांसाठी लिहिलेल्या सूचना. ब्रेक सरळ रेषेत असतानाच मारा, वळणाच्या आत पाय सैल सोडा, बाहेर पडताना जोर द्या, नजर पुढच्या कोनावर. मी त्या छापून काकांना दाखवल्या. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटा केला, मागे काही लिहिलंय का बघितलं, आणि परत दिला.

स्पर्धा नागपूरच्या बाहेर एका मैदानावर होती. अडीचशे किलोमीटर. पहाटे तीनला निघालो, मी आणि काका. बायकोने यायला नकार दिला होता. "मागं सीट नाही. मी का पोत्यावर बसू?" काकांनी मांडीवर भाकरी-ठेच्याचं गाठोडं घेतलं आणि दिग्रस यायच्या आत झोपले. नवे कडक शॉकअप, जुना रस्ता. त्यांची टोपी वाटेत चारदा पडली, झोप एकदाही मोडली नाही.

मैदानावर पोचलो तर तिथे एस्टीम, पोलो, जिप्सी, रंगीत पट्टे, आकडे, हेल्मेट काखेत मारून फिरणारी विशीतली पोरं. शर्यतीआधी गाडीची तपासणी असते. बॅटरी घट्ट बांधलेली हवी, पट्टा चालू हवा, हेल्मेट पूर्ण तोंडाचं हवं, आणि गाडीत एकही सुटी वस्तू नको. तपासनीस तरुण मुलगा होता, शिस्तीचा. त्याने पुढची सीट सरकवली आणि खालून वस्तू निघू लागल्या. दहा-दहा पैशांची तीन नाणी. पिवळ्या अक्षता, बहुधा मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या. तुरीचे दाणे, मोड आलेले. आजोबांचा एका काचेचा चष्मा, जो तेरा वर्षं सापडत नव्हता. एक लग्नपत्रिका, त्या जोडप्याची मुलगी यंदा माझ्या वर्गात आहे. मुलगा एकेक वस्तू बॉनेटवर मांडत गेला, आणि रांगेतले मागचे लोक गाड्यांतून उतरून बघायला आले. डॅशबोर्डवरचा गणपती त्याने दोन बोटांनी हलवून पाहिला.

"हा फिट आहे ना?"

"सत्त्याण्णवपासून," मी म्हणालो.

बंपरवरची लिंबू-मिरची मात्र सुटी वस्तू ठरली.

शर्यतीआधी वाट पायी बघायला देतात. पोरं भराभर चालून गेली. काका धोतराचा सोगा धरून प्रत्येक वळणाशी थांबले, चपलेने माती उकरून पाहिली आणि मला सांगत राहिले, इथं खडे हायेत, इथं ओल हाय, टँकर सांडला असन. मी वाट तळहातावर पेनने काढून घेतली.

फेऱ्या तीन. पाडलेल्या प्रत्येक कोनाला इथे दंड पाच सेकंद.

पहिल्या फेरीला झेंडा पडला आणि माझ्या हातून काय झालं ते मला नंतर व्हिडिओत बघायला मिळालं. सत्तावीस वर्षांची सवय. डावं वळण आलं, मी डावा इंडिकेटर दिला. उजवं आलं, उजवा दिला. मोठ्या आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवला. कोनांच्या दाट रांगेआधी गाडी हळू केली, कारण तशी रांग आमच्याकडे फक्त पोलिसांच्या नाकाबंदीला असते. वेळ एक मिनिट बावन्न सेकंद. मैदानात टाळ्या पडल्या, पण त्या जरा जास्तच प्रेमळ होत्या.

दुसऱ्या फेरीला मी इंडिकेटरच्या दांडीवर रुमाल बांधला आणि जिवावर उदार झालो. तिसऱ्या वळणाला मागचं चाक कोनाला लागलं. कडेला उभा असलेला मार्शल ओरडला, "कोन गेला!" आणि बाभळीखाली डुलकी लागलेले काका ताडकन उभे राहिले. "कोन गेला? कोन गेला रे?" पुढच्या वळणाला मार्शल पुन्हा ओरडला, "अजून एक कोन गेला!" काका काठी टाकून मैदानाच्या दोरीखालून धावत निघाले. त्यांना दोघांनी धरलं. मी तिकडे कडेने पळणारं धोतर बघितलं, म्हणजे नजर धोतराकडे गेली, आणि नियमच असा आहे की नजर जाते तिकडे गाडी जाते. तिसरा कोन चाकाखाली चिरडला. एक मिनिट एकोणचाळीस, अधिक पंधरा. इंडिकेटर देऊन जास्त बरं झालं होतं.

तिसऱ्या फेरीआधी काका खिडकीशी आले. त्यांना पाणी पाजलं होतं, छाती अजून धपापत होती. ते काही बोलले नाहीत. खिडकीतून हात घालून त्यांनी डॅशबोर्डवर थोपटलं, जोडी सोडण्याआधी बैलाच्या मानेवर थोपटतात तसं, आणि बाजूला झाले.

त्या फेरीचं मला फारसं आठवत नाही, एवढंच आठवतं की गडबड नव्हती. सरळ रेषेत ब्रेक, पाय सैल, चाक वळलं, आणि मग तीन सिलेंडरांनी एकदम सूर धरला. आळशी पोट्ट्यासकट. खडे खालून ताशासारखे वाजत होते. मोठ्या वळणात मागचं अंग किंचित, अगदी किंचित, बाहेर सरकलं आणि आपोआप जागेवर आलं. मी ते केलं नव्हतं, मी फक्त आड आलो नव्हतो. एक मिनिट एकतीस. कोन शून्य.

आमच्या गटात बारा गाड्या होत्या. मी अकरावा आलो. बाराव्याचा शाफ्ट सुरुवातीच्या रेषेवरच तुटला होता. पहिला आलेला मुलगा एकोणीस वर्षांचा, जुनी झेन, एक मिनिट आठ सेकंद. त्याची आई पूर्ण वेळ डबा आणि टॉवेल घेऊन उभी होती. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, तुमची तिसरी फेरी मस्त होती." मी मागे वळून बघितलं, कोणाला काका म्हणतोय. मलाच म्हणत होता.

निघताना मार्शलने मी चिरडलेला कोन आणून दिला. मधोमध फाटलेला, चाकाची नक्षी उमटलेला. "सर, हा तुमचाच. आमच्या कामाचा राहिला नाही."

घरी पोचायला रात्रीचे अकरा झाले. आईने दार उघडलं आणि पहिल्यांदा विचारलं, सीट कधी बसवतोस, बुधवारी उमरखेडला लग्न आहे. सीट बसली. स्टेपनी, जॅक, पायपुसणी सगळं परत आलं, तिसरी पोळी आली नाही. शॉकअप कडकच आहेत, त्यामुळे उमरखेडहून परतताना मागे बसलेल्या दोघी बहिणी पुसदपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. लिंबू-मिरची आईने नवी बांधली. आजोबांचा चष्मा देवघरात ठेवला आहे.

फाटका कोन आईने उन्हाळ्यात कामाला लावला. अंगणात कुरोड्या वाळत घातल्या की धोतराच्या एका कोपऱ्यावर वजन म्हणून दगड आणि दुसऱ्या कोपऱ्यावर हा कोन. परवा दुपारी मागच्या गल्लीतली बकरी फाटकातून आत आली आणि कुरोड्यांकडे जाताना तिचं मागचं पाऊल त्याला लागलं. आई आतून ओरडली, "कोन पडलं?"

ओट्यावर काका पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. "पाच सेकंद," ते म्हणाले.